सात नंबरची आई

११ जानेवारी, रविवार

प्रिय अक्का,

बंकटभाऊ उद्या सकाळी तुमच्या तळाकडं निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. सोबत बाजरीचं पीठ आहे, मायनं कुटलेली शेंगदाण्याची चटणी आहे आणि सोम्याचं पिवळं झबलं आहे. तू मागच्या फोनवर म्हणाली होतीस, त्याच्या अंगावरचं काहीतरी पाठव, न धुतलेलं. मी ते झबलं साबणानं स्वच्छ धुवून, घडी घालून पिशवीत ठेवलं होतं. विसरून नाही, ठरवून. मग आज पुन्हा बाहेर काढलं आणि दिवसभर त्याला घालून ठेवलं. आता त्याला दूधभाताचा आणि त्याच्या मानेचा वास येतोय. हे मी पहिल्यांदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला जड जाणार नाही.

फोन का केला नाही, असं तुला वाटेल. तुमच्या उसाच्या पाल्याच्या कोपीत फोन स्पीकरवर असतो. दाजी, शेजारच्या कोपीतली माणसं, सगळे ऐकतात. आणि फोन माझ्या हातात असला की मी काय करते, ते पुढं येईलच. तू सातवीपर्यंत शिकलीस, सावकाश वाच, पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. मला सोम्याच्या उजव्या डोळ्याबद्दल सांगायचं आहे. घाबरू नकोस, डोळा गेलेला नाही. पण त्याआधी मला माझ्याबद्दल सांगावं लागेल.

तुला आठवतं का, दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक देवळापुढं येऊन उभा राहायचा. तू नऊ वर्षांची होतीस, मी पाच. तुला भाकरी थापता यायला लागली होती म्हणून तू ट्रकमध्ये माय-दादांशेजारी बसायचीस, आणि मला काहीच येत नव्हतं म्हणून मी सारजाआत्याच्या ओसरीवर राहायचे. सगळं गाव आजही म्हणतं, शिवकन्याचं नशीब लई चांगलं, तिला शाळा मिळाली. मला सहा महिने शाळा मिळायची, अक्का, आणि तुला सहा महिने माय. चैत्रात तुम्ही परत यायचा तेव्हा तुमच्या गोधड्यांना धुराचा वास असायचा. तू आणि माय कुठल्यातरी तिकडच्या गोष्टीवरून एकमेकींकडं बघून हसायचा. मी विचारायचे, काय झालं? माय म्हणायची, "तुला न्हाई कळायचं, तू नव्हतीस." मी वर्गात पहिली यायचे आणि घरात पाहुणी असायचे. तुझ्या बोटांवर कोयत्याचे वण पडत होते हे मला दिसत होतं. तरी मला तुझा हेवा वाटायचा. बीएस्सीचा निकाल लागला त्या दिवशी तू अख्ख्या गल्लीत पेढे वाटलेस, "आमच्या घरातली पयली गॅजवेट" म्हणत फिरलीस, आणि मी मनात म्हणाले होते, हिला पदवीचा हेवा कसा वाटत नाही? थोडा तरी वाटायला हवा होता. मग आपण बरोबरीत आलो असतो.

मग सोम्या झाला. दोन महिन्यांचा असताना मी मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि त्याच्या दोन्ही बुबुळांत ताकाच्या थेंबासारखं पांढरं दिसलं. तू म्हणालीस, फ्लॅशचा उजेड असंल. मी बॅटरी लावून पाहिलं, खिडकीत नेऊन पाहिलं. तो आवाजाकडं वळायचा, उजेडाकडं नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी जन्मजात मोतीबिंदू म्हटल्यावर सारजाआत्या केवढी हसली होती! "दात यायच्या आधी कुठं मोतीबिंदू येतो का गं? तुमच्या पुस्तकात छापलंय का तसं?" तू हसली नाहीस. तू मला विचारलंस, "शिवू, तू सांगशील तसं." बस्स, एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या एका गोष्टीत मी मधोमध उभी होते आणि तू कडेला.

संभाजीनगरच्या दवाखान्यात दोनदा तारीख मिळाली, दोनदा त्याला सर्दी झाली. सर्दीत लहान बाळाला भूल देता येत नाही. तिसरी तारीख आली तेव्हा तुमची टोळी निघायला चार दिवस राहिले होते, आणि मुकादमाचे आगाऊ पैसे घेतलेले, तुला थांबता येत नव्हतं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं, एवढ्याशा बाळाचा एकेक आठवडा मोलाचा आहे. मेंदू बघायला शिकतो तो याच महिन्यांत, पुढं डोळा साफ केला तरी मेंदू शिकत नाही. म्हणून तीन महिन्यांचं अंगावर पिणारं लेकरू माझ्या मांडीवर ठेवून तू ट्रकमध्ये चढलीस. तुझ्या पोलक्याचा पुढचा भाग ओला झाला होता, तू पदर पुढं ओढलास. ते मी पाहिलं. नंतर फोनवर तू म्हणायचीस की दूध उसाच्या सरीत पिळून टाकावं लागतं, ठणकतं. मी वाटी-चमच्यानं गाईचं दूध पाजत ऐकायचे. मला वाईट वाटायचं, पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं. तुझ्याकडं दूध होतं. तिथं, मातीत. माझ्याकडं लेकरू होतं आणि दूध नव्हतं.

दवाखान्यात दाजी आले, कागदांवर सह्या केल्या आणि त्याच संध्याकाळी परतले. मग वॉर्डात आम्ही दोघंच. तिथं नाव कुणी विचारत नाही. खाटेच्या नंबरानं हाक मारतात. छबुबाई नावाच्या मावशी आहेत तिथं, वॉर्ड झाडतात आणि वॉर्डावर राज्यही करतात. त्या पहिल्याच सकाळी ओरडल्या, "ए सात नंबरची आई! लेकराला काई पाजू नको बरं, भूल द्यायचीय." मी इकडंतिकडं पाहिलं. सात नंबर म्हणजे आम्हीच. मी म्हणायला हवं होतं, मी मावशी आहे. मी म्हणाले, "हो." सोम्या भुकेनं कळवळत होता. त्यानं माझ्या कुडत्यावर तोंड घासलं, मूठ आवळून ओढलं, पुन्हा घासलं. छबुबाई कनवाळूपणानं म्हणाल्या, "भूल उतरली की पाज मंग पोटभर." मी सांगितलं, "दूध आटलंय मावशी." आता तू वाचतेस, मला तुझा चेहरा दिसतोय. पण ते वाक्य माझ्या तोंडातून इतकं सहज निघालं, जणू मी कधीतरी आईच होते.

डावा डोळा पाऊण तासात झाला. आठ दिवसांनी उजवा, त्याला अडीच तास लागले. आधी मॅडमनी केसपेपरच्या पाठीमागं चित्र काढून मला समजावलं होतं. बाळ पोटात असताना डोळ्याच्या आत रक्ताची एक बारीक नळी असते आणि जन्माआधी ती विरून जाते. सोम्याच्या उजव्या डोळ्यात ती विरली नव्हती, मोतीबिंदूला मागून चिकटून राहिली होती. तो डोळाही डाव्यापेक्षा लहान, बाहुली औषधानं पुरती उघडत नव्हती. ओढलं तर आत रक्त सुटणार, सोडलं तर मोतीबिंदू निघणार नाही. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वण उमटला होता. म्हणाल्या, "निघालं सगळं. आता पुढचं काम तुझं." डोळे एवढे लहान की आत भिंग बसवता येत नाही, चार-पाच वर्षांचा झाला की बसवतील, तोवर जाड चष्मा, थेंब, तपासण्या, आणि चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी, म्हणजे कच्च्या डोळ्याला काम करावं लागतं. मी सगळं वहीत लिहून घेतलं. माझी तलाठ्याची परीक्षा त्याच आठवड्यात होती. मी गेले नाही. मला त्याचं दुःख झालं नाही, उलट बरं वाटलं: आता मीही या लेकरासाठी काहीतरी सोडलं होतं. तू एकटीच सोडणारी नव्हतीस.

चष्म्याच्या दिवसाची गोष्ट तू सगळ्यांना सांगतेस. कोपीत सांगितलीस, गावात येऊन सांगितलीस, नांदूरघाटच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या बाईलासुद्धा सांगितलीस: "चष्मा लावल्या लावल्या मावशीकडं बघून हसलं माझं लेकरू. बरोबर तेवढ्यात रेंज गेली बघा, न्हाईतर मी ते हसू ऐकलं असतं." सांगताना तुझे डोळे भरतात आणि तू माझ्या पाठीवर हात फिरवतेस. अक्का, ती गोष्ट खोटी आहे.

खरं असं झालं. तू आदल्या दिवशी म्हणाली होतीस, मला येता येत न्हाई, पण फोन चालू ठेव, मला ऐकू तरी दे. म्हणून मी फोन स्पीकरवर लावून उशीला टेकवला होता. चष्मेवाल्या ताईंनी रबरी पट्टा त्याच्या डोक्यामागून घेतला, काचा नीट बसवल्या. मी समोर बसले होते. केस विंचरले होते, टिकली लावली होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझा चेहरा त्याला पहिल्यांदा दिसला, आणि तो रडला. घाबरून, मागं रेलत, हातपाय झाडत रडला. माझा आवाज, वास त्याला ठाऊक होता. हा मोठा, जवळ येणारा चेहरा कुणाचा ते त्याला ठाऊक नव्हतं. ताई म्हणाल्या, होतं असं. तेवढ्यात फोनमधून तू जिभेनं टाळूवर तो आवाज काढलास, टक् टक्, टक् टक्. दादा बैलांना काढायचे तसा, तू त्याला पोटावर घेऊन काढायचीस तसा. तो थांबला. त्यानं मान वळवली. त्याचे डोळे सारखे हलायचे ना, तुला आठवतंय ना, जत्रेतल्या बाहुलीसारखे? ते त्या उजेड पडलेल्या फोनवर येऊन एक क्षण थांबले. पहिल्यांदा थांबले. आणि तो हसला. तिथं तू नव्हतीस. फोनवर तुझा फोटोही नव्हता, नुसतं "अक्का" हे नाव होतं. तो त्या नावाकडं बघून हसला. तू म्हणत होतीस, "सोम्याऽऽ, बघ, तुझी आय बोलतीय." छबुबाई दारातच उभ्या होत्या. मी हात लांब केला आणि फोन बंद केला.

रेंज गेली नव्हती, अक्का. मी कापला. मग बाहेर व्हरांड्यात येऊन तुला उलट फोन केला आणि ते हसू माझं आहे असं सांगितलं. तू पलीकडं रडत म्हणालीस, "बरं झालं, तुला बघून हसलं. तूच केलंस सगळं." तू एकदा जरी चिडली असतीस, एकदा जरी म्हणाली असतीस की मला तुझा राग येतो, तर मी त्याच दिवशी खरं सांगितलं असतं.

एप्रिलअखेर तू परत आलीस. ट्रकमधून उतरून थेट धावत आलीस, अंगावर अजून उसाचा पाला होता, हात पसरलेस, आणि त्यानं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. तुझे हात तसेच राहिले. माय म्हणाली, "न्हानपनी ही शिवीबी अशीच करायची, सारजाच्या पदराआड दडायची." सगळे हसले. मी त्याला तुझ्याकडं वळवू शकले असते. मी त्याला आणखी जवळ धरलं. लहानपणी मायला बघून मी दडायचे तेव्हा आत्यानं मला किती घट्ट धरलेलं असायचं, ते मला त्या दिवशी आठवलं.

पण ते सुख महिनाभरच टिकलं. जूनमध्ये तो तुझा झाला. त्यासाठी तू काहीच केलं नाहीस. नुसती पाय पसरून ओसरीवर बसायचीस, टक् टक् करायचीस, की तो रांगत यायचा. मी मात्र पट्टीवाली. मी दिसले की तो डाव्या डोळ्यावर हात ठेवायचा. रोज दोन तास त्याला रडवायचं मी, डोळ्यांत झोंबणारे थेंब घालायचे मी, आणि गुळाचा खडा तुझ्या हातात. एके दिवशी पट्टी बांधलेला तो उंबऱ्याला अडखळला, कपाळाला टेंगूळ आलं, आणि तू पट्टी काढून टाकलीस. मी सगळ्यांसमोर ओरडले. "अडाणी आहेस तू. त्याचा डोळा घालवशील." दाजी उठून बाहेर गेले. तू टेंगळावर हळद लावत राहिलीस आणि मान वर न करता म्हणालीस, "सातवी शिकलीय मी, शिवू. पुढचं तू शिकलीस." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी तू स्वतः बांधलीस. पाच मिनिटं चुकवली नाहीस कधी. घड्याळ समोर ठेवून, त्याला मांडीवर घेऊन, त्याच्याबरोबर रडत. मला वाटत होतं ही कामं फक्त मला जमतात. तुला तीही जमली, तेव्हा माझ्याकडं काय उरलं?

मी काहीच चांगलं केलं नाही असं नाही. तुला ठाऊक आहे, मी अंगणवाडीत जाऊन प्रत्येक तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत बॅटरी लावून बघते. धारूरच्या डोंगराकडच्या वस्तीवरही जाऊन आले. पोरं मला बघून ओरडतात, "आली बॅटरीवाली मावशी!" मला ते आवडतं. मला खरंच वाटतं की आपल्या भागात एकही लेकरू नुसतं उशीर झाला म्हणून आंधळं राहू नये. पण लोक माझं कौतुक करतात तेव्हा मला तो व्हरांडा आठवतो.

या दसऱ्याला तू त्याला पुन्हा माझ्याकडं ठेवलंस. दर महिन्याची तपासणी, तिकडची धूळ, उसाच्या पाचटाचा धूर, सगळं तुलाच कळत होतं, मला बोलावंच लागलं नाही. ट्रकच्या फळीवर एक पाय ठेवून तू म्हणालीस, "डोळ्यासाठी ठिवून चाललेय. डोळ्यापुरताच ठिव." मला ते लागलं. तीन महिने मी त्या वाक्याशी भांडतेय.

आता उजव्या डोळ्याचं. सोमवारी तपासणी होती. बाहुलीच्या मागं पुन्हा पांढरी जाळी धरलीय. असं होऊ शकतं, अवघड डोळ्यांत जास्त होतं, यात तुझी पट्टी किंवा माझे थेंब कुणाचंच चुकलेलं नाही. डाव्या डोळ्यानं त्याला छान दिसतंय, अंगणातली मुंगीसुद्धा वेचतो. पण उजव्याची जाळी लगेच काढावी लागेल, नाहीतर वर्षभर शिकलेलं तो डोळा विसरून जाईल. गुरुवारी, २९ तारखेला ऑपरेशन ठरलंय. मॅडम म्हणाल्या, "आता हा दीड वर्षाचा आहे, सगळं कळतं त्याला. भूल देताना आणि नंतर पट्टी सोडताना तो शांत राहायला हवा, रडून जोर पडता कामा नये. तू आहेसच आई." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी आई नाही. त्याची आई कर्नाटकात ऊस तोडतेय." छबुबाई झाडू टाकून पुढं आल्या. "आन मंग तू कोन गं? वरीसभर मी तुला आई म्हनतीय!" मी म्हणाले, मावशी. त्या म्हणाल्या, "एवढं कावून लपिवलं? मावशी काय कमी असती का?" पण घरी आल्यावर माझं धाडस गेलं. सहा दिवस मी ही तारीख कुणालाच सांगितली नाही, मायलासुद्धा नाही. मी ठरवत होते की तुला ऑपरेशन झाल्यावर कळवावं. तू उगीच काळजी करशील, मुकादम सोडणार नाही, अशी कारणंही मी वहीत लिहून काढली होती. सगळी पटण्यासारखी होती.

मग आज दुपारी, ते पिवळं झबलं घालून तो अंगणात खेळत होता आणि थेंबांची वेळ झाली. तो पळतो ना माझ्यापासून, म्हणून गेले काही दिवस मी एक युक्ती करते. मी तुझा तो आवाज काढते. टक् टक्. हुबेहूब जमतो मला, रात्री पांघरुणात तोंड घालून मी तो शिकलेय. मी आवाज काढला की तो लगेच वळतो. चष्म्यातून माझ्याकडं बघतो, नीट, डोळे न हलवता बघतो. आणि मग वाकून माझ्या मागं बघतो. दारात, ट्रक येतो त्या रस्त्याकडं. माझ्या मागं कुणी नसतं, अक्का. रोज तो बघतो आणि रोज तिथं कुणी नसतं. म्हणून हे पत्र. मुकादमाला काय सांगायचं ते सांग, दाजींना चार दिवस एकट्यानं निभावू दे, पण मंगळवारी, २७ तारखेला तिकडून निघ. बुधवारी आम्ही दवाखान्यात असू. पट्टी सुटेल तेव्हा त्याच्यासमोर तू बसायचंस. मी पाठीमागून त्याचं डोकं धरीन, तेवढं मला येतं. आणि वॉर्डात शिरलीस की कुणी सात नंबरची आई म्हणून हाक मारली, तर तू ओ दे.

तुझीच,
शिवू
सोम्याची मावशी